एका रात्रीपुरती खोली: माननीय पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य



मी परभणीची, निवृत्त शिक्षिका. निवृत्तीनंतर एक बिनपगारी काम माझ्याकडे आपोआप चालत आले आहे: मुंबई-पुण्याला एकट्याने निघालेल्या मुलामुलींना ‘रात्री कुठे उतरायचं’ ते सांगणे. माजी विद्यार्थिनी, भाच्या, शेजाऱ्यांची मुले, त्यांच्या मैत्रिणी. कुणाची परीक्षा असते, कुणाची मुलाखत, कुणाचे व्हिसाचे काम. एखादी नुसतीच राणीची बाग, म्युझियम आणि समुद्र बघायला निघालेली असते, आणि घरी मात्र ‘काम आहे’ असे सांगून आलेली असते. मुक्काम एक रात्र, फार तर दोन. खोलीसाठी हाताशी हजार ते दोन हजार रुपये. आपल्या खात्याच्या जाहिरातींत ही मंडळी दिसत नाहीत. तिथे लेणी असतात, किल्ले असतात, समुद्रकिनाऱ्यावर हसणारे चौकोनी कुटुंब असते.

आपल्या सरकारने २०२३ मध्ये ‘आई’ नावाचे महिला पर्यटन धोरण आणले. बायकांनी पर्यटनाचा व्यवसाय काढला तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. महिला दिनाच्या आठवड्यात, १ ते ८ मार्च, एमटीडीसीच्या निवासांत बायकांना निम्मा दर आहे. धोरण चांगले आहे. बायका फिरतात आणि त्यांनी फिरावे हे सरकारने लेखी मान्य केले, हेही काही कमी नाही. पण माझ्या मुलींना गणपतीपुळ्याला आणि भंडारदऱ्याला निम्म्या दरात खोली मिळते तेव्हा त्यांची परीक्षा पवईला असते. आणि पवईच्या परीक्षेसाठी त्यांना सवलत नकोच आहे. पैसे भरून ठरवलेली खोली रात्री अकराला गेल्यावर मिळेल, एवढी खात्री हवी आहे. हे पत्र त्या खात्रीबद्दल आहे.

गेल्या पावसाळ्यात एक माजी विद्यार्थिनी तपोवन एक्सप्रेसने मुंबईला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. गाडी रात्री पोचते म्हणून तिने आधीच एका ॲपवरून हॉटेल ठरवले आणि पैसेही भरले. ॲपवर पांढरीशुभ्र चादर होती, ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ होते, वर चांगले चार तारे होते. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड पाहिले, तिच्या पाठीमागे कुणी आहे का ते पाहिले आणि विचारले, “साथ में कोई नहीं?” नाही म्हटल्यावर म्हणाला, “सिंगल लेडीज को हम नहीं देते.” माणूस उद्धट नव्हता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिले, घरच्या कुणा ‘जेन्ट्स’शी बोलणे करून द्या म्हणाला. वडील बोलले. मग त्याने मालकाला फोन लावला. मग कळले की रूम फुल आहेत. मुलगी पुन्हा सीएसएमटीला आली, वेटिंग रूममध्ये पर्स उशाला घेऊन बसली आणि तिथूनच परीक्षेला गेली.

त्या हॉटेलचा मला जेवढा राग यावा तेवढा येत नाही. एखादा धंदा ‘आम्ही एकट्या बाईला खोली देत नाही’ म्हणतो, ते चूकच आहे, आणि त्यावर पुढे बोलणार आहे. पण त्याहून वाईट हे, की हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. हॉटेल निवडताना त्या मुलीला सगळे कळत होते: गिझर आहे की नाही, वायफाय फुकट आहे की नाही, नाश्त्याला पोहे मिळतात की ब्रेड. फक्त हे लोक मला आत घेणार का, एवढेच कळत नव्हते. ते रात्री साडेदहाला, काउंटरवर, बॅग हातात असताना कळले. कोणत्याही खोलीबद्दलचा पहिला प्रश्न हा, आणि त्याचे उत्तर शेवटी मिळते.

लॉजवाल्यांची बाजू मी ऐकून घेतलेली आहे. खोल्या विचारण्याच्या निमित्ताने माझे त्यांच्याशी फोनवर बरेच बोलणे होते, आणि त्यातले काही जण आता ओळखीचे झाले आहेत. एका मॅनेजरने सरळ सांगितले: मॅडम, काही झालं तर मालक नाही, मी पोलीस चौकीत जाऊन बसतो. त्यांना भीती असते ती एकट्या माणसाने खोलीत जिवाचे बरेवाईट करण्याची. म्हणूनच एकट्या तरुण मुलालाही पुष्कळ ठिकाणी नकार मिळतो. ‘सिंगल’ म्हटले की मॅनेजर त्याच्या डोळ्यांकडे निरखून पाहू लागतो. भीती असते धाडीची, रजिस्टर तपासणीची, आणि २६/११ नंतर कडक झालेल्या ओळखपत्रांच्या नियमांची. पोलीस ठाण्यातून तोंडी काय सांगून जातील याचा नेम नसतो. मग लॉजवाला स्वतःच कायद्याहून दोन पावले पुढे जाऊन नियम करतो. सिंगल लेडीज नाही. लोकल आयडी नाही. अनमॅरीड नाही. काही ठिकाणी आडनाव वाचून ‘फुल’ होते, ते तर कुणी कबूलही करत नाही.

हे नियम कुठल्या कायद्यात आहेत असे विचारले की काउंटरवर शांतता पसरते, कारण ते नाहीतच. उलट राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये हॉटेल हा शब्द नाव घेऊन आला आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत जाण्यास आडकाठी करता येणार नाही, असे ते कलम सांगते. मूलभूत हक्कांतली बहुतेक कलमे सरकारला बांधतात. हे काउंटरवरच्या माणसालाही बांधते.

हा शब्द तिथे का असावा, हे महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज पडू नये. १९१७ साली कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून परतलेले सव्वीस वर्षांचे बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना उतरायला जागा नव्हती. एका पारशी सरायीत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. त्यानंतरचा वेळ त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या एका रात्रीची त्या अनुभवाशी मी तुलना करत नाही. जात ही निराळी आणि फार खोल गोष्ट आहे. पण ज्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्या घटनेने हॉटेलचा दरवाजा हा मालकाचा खासगी मामला मानलेला नाही, हे आपल्याकडच्या लॉजवाल्यांना आणि त्यांची तपासणी करणाऱ्यांना कुणीतरी सांगितले पाहिजे. ते काम एका निवृत्त शिक्षिकेने फोनवरून करण्यापेक्षा आपल्या खात्याने केलेले बरे.

लग्न न झालेल्या जोडप्यांचा प्रश्न माझ्या कामात क्वचित येतो, पण भीतीचे मूळ तिथे आहे म्हणून लिहिते. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्सा इथल्या हॉटेलांवर मुंबई पोलिसांनी धाडी घालून चाळीसहून अधिक जोडप्यांना ताब्यात घेतले होते आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचे कलम लावले होते, ते आपल्याला आठवत असेल. बंद खोली हे सार्वजनिक ठिकाण कसे, असा ओरडा झाला आणि पोलीस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटले की अविवाहित जोडप्याने हॉटेलच्या खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदाच नाही. पण धाडीची बातमी लॉजवाल्याच्या लक्षात राहते. निकालाची राहत नाही.

‘लोकल आयडी’चा नियम मला सगळ्यांत गमतीचा वाटतो, आणि सगळ्यांत क्रूरही. डोंबिवलीच्या मुलीची शेवटची लोकल चुकली, किंवा पावसाने रूळ बुडाले, तर मुंबईत तिला खोली मिळत नाही, कारण तिच्या आधारवर ठाणे जिल्हा आहे. घर जवळ असताना हॉटेलात कशाला, असा प्रश्न. २६ जुलै २००५ ची महापुराची रात्र पाहिलेल्या शहरात हा प्रश्न विचारला जातो.

आता मी मुलींना काय सांगते ते लिहिते. यात उपदेश नाही; आपल्या खात्याने जी माहिती द्यायला हवी ती आम्ही कशी उकरून काढतो, ते आपल्याला कळावे म्हणून.

पहिले, जागा. बाहेरून येणाऱ्याला वाटते की स्टेशनजवळ हॉटेल घेतले की झाले. मुंबईत ते अर्धेच खरे. फोर्टात किंवा सीएसएमटीच्या आसपास उतरलात तर रिक्षा मिळत नाही. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही. टॅक्सी किंवा बेस्टची बस बघावी लागते. परीक्षा पवईला असेल तर कांजूरमार्ग किंवा घाटकोपरच्या बाजूला उतरणे शहाणपणाचे; सकाळी लोकलच्या गर्दीत उलटसुलट जाण्यापेक्षा दीड-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. काम दक्षिण मुंबईत असेल तर मादाम कामा रस्त्यावरचे वायडब्ल्यूसीएचे अतिथिगृह मी आधी विचारून बघायला सांगते. दादरला पूर्वेकडचा हिंदू कॉलनीचा भाग रात्रीही माणसांचा असतो. मुक्काम कमी असला की मी शहराच्या मध्यापेक्षा रेल्वेची लाइन धरून ठेवते.

पुण्यात वेगळी अडचण. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलले, तरी कितीतरी लॉज अजून ‘शिवाजीनगर स्टॅण्डजवळ’ म्हणूनच विकले जातात. पहाटे चारला वाकडेवाडीला उतरलेल्या मुलीला तिथून रिक्षावाल्याशी भांडत यावे लागते. पुणे स्टेशनसमोर विल्सन गार्डनमध्ये स्वस्त हॉटेलांची रांगच आहे, त्यात बरी-वाईट दोन्ही आहेत, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट आगारात पहाटे उभ्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला, त्यानंतर आईबाप मुलींना सांगतात की स्टॅण्डवर उजाडेपर्यंत थांबू नकोस. बरोबर आहे. मग तिने जायचे कुठे? पहाटे पाचला खोली कोण देते?

इथे चेक-इनची वेळ आडवी येते. देवगिरी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. रात्रीच्या ट्रॅव्हल्स त्याही आधी प्रवाशांना सायन-दादरला सोडून मोकळ्या होतात. हॉटेलचा दिवस सुरू होतो दुपारी बाराला, कुठे दोनला. मुलाखत अकराला असेल तर अंघोळ करून कपडे बदलण्यासाठी आदल्या दिवसाचे पूर्ण भाडे भरायचे, किंवा स्टेशनवरच्या बाथरूममध्ये साडी नेसायची. दोन्ही मुलींनी केलेले मी ऐकले आहे. दादरचा एक जुना लॉज मला त्याच्या कळकट जिन्यासकट आवडतो, कारण तिथे ज्या तासाला याल त्या तासापासून चोवीस तास मोजतात. पूर्वी असे पुष्कळ होते. ॲपवाल्यांनी सगळ्यांना एका घड्याळावर आणले आणि परगावच्या माणसाचे नुकसान केले.

रेल्वेने मात्र या बाबतीत डोके चालवले आहे, आणि सरकारी खात्याचे कौतुक करण्याची संधी मी सोडत नाही. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झाले: अठ्ठेचाळीस पॉड, त्यातले सात फक्त बायकांसाठी. सुरुवातीचे दर बारा तासांना ९९९ रुपये आणि चोवीस तासांना १,९९९. पॉड म्हणजे झोपायचा कप्पाच, उंच माणसाला त्यात कोंडल्यासारखे होते. पण बारा तासांचा हिशेब आहे, आणि एकट्या माणसाला एका माणसाचेच पैसे द्यावे लागतात. बाकी सगळीकडे खोली दोघांसाठी असते, भाडेही दोघांचे, आणि एकट्याने राहिलात तर दुसऱ्याचे पैसे तुम्हीच भरायचे. शिवाय दुसरा का नाही, याचे उत्तरही द्यायचे. स्टेशनांवरच्या रिटायरिंग रूमही मी आधी बघायला सांगते. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर त्या मिळतात, जागा मोजक्या असतात आणि लवकर जातात.

जागा ठरली की फोन. ॲपवरचे बुकिंग झाल्यावर हॉटेलच्या स्वतःच्या नंबरवर फोन करायचा, तोही रात्री नऊनंतर, म्हणजे रात्रपाळीचा माणूस सापडतो. दिवसा मॅनेजर सगळ्याला हो म्हणतो. रात्रीच्या माणसाला विचारायचे: मी एकटी येणार आहे, बुकिंग नंबर हा, परभणीचे आधार आहे, अकरा वाजतील, खोली मिळणार का? तो हो म्हणाला की त्याचे नाव विचारून घ्यायचे आणि त्याच नंबरवर तेच सगळे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचे. रात्री स्टाफमध्ये बाई आहे का, हा प्रश्न जरूर विचारायचा. उत्तर बहुधा ‘नाही’ असते. पण खरे बोलणाऱ्याचे ‘नाही’ मला गोड बोलणाऱ्याच्या ‘हो’पेक्षा चालते. अभिप्राय वाचायचे ते गेल्या दोन-तीन महिन्यांतले, आणि बायकांनी लिहिलेले. ‘नाइस स्टे’ असे लिहिलेले सगळे सोडून द्यायचे. ‘दाराची कडी लागत नव्हती, सांगितल्यावर बदलून दिली’ असे कुणी लिहिले असेल तर ते हॉटेल मी जवळ करते.

खोलीत गेल्यावर दार. आतून कडी हवी, नुसते कुलूप नव्हे. कुलपाची दुसरी किल्ली काउंटरवर असतेच. शेजारच्या खोलीत उघडणारे दार असेल तर ते बंद आहे का ते ढकलून बघायचे. खिडकी उघडते का ते बघायचे, आणि ही गोष्ट मुली सगळ्यांत जास्त विसरतात, कारण त्यांना माणसांची भीती शिकवलेली असते, धुराची नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या करोल बागेत एका मध्यम दराच्या हॉटेलात आग लागून सतरा माणसे गेली. एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्याच्या बडा बाजारात चौदा. दोन्ही ठिकाणी उतरलेले लोक कामासाठी, लग्नासाठी, एक-दोन रात्रींसाठी आलेले होते. अशा हॉटेलांचे जिने अरुंद असतात आणि खिडक्या एसीसाठी फळ्या मारून बंद केलेल्या असतात. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला घ्यावा लागतो. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. तो दाखला फायलीत असतो. काउंटरमागे भिंतीवर गणपती असतो, लक्ष्मी असते, दरपत्रक असते. त्यांच्या शेजारी फॉर्म बी लावायला किती जागा लागते?

आधार कार्डाचेही सांगते. ओळखपत्र दाखवायला कुणाची ना नाही. पण काउंटरवरचा पोरगा स्वतःच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढतो, आणि त्या फोटोत मुलीचा चेहरा, घरचा पत्ता आणि पूर्ण क्रमांक जातो. मी मुलींना मास्क्ड आधार काढून द्यायला सांगते. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते कायदेशीर आहे. पुष्कळ हॉटेले ते नाकारतात. त्यांचाही दोष नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने हॉटेलांनी आधारच्या प्रती घेऊ नयेत असे पत्रक काढले आणि दोन दिवसांत ते मागे घेण्यात आले. मग लॉजवाल्याने काय समजायचे?

पैशांचे फार लिहीत नाही, कारण त्यात थोडी सुधारणा झाली आहे. जुलै २०२२ पर्यंत हजार रुपयांखालच्या खोलीवर जीएसटी नव्हता, मग तो बारा टक्के झाला, सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर पाच टक्के. दीड हजारांच्या खोलीला एकशे ऐंशीऐवजी पंचाहत्तर. ‘शेवटची एकच खोली उरली’ असे ॲपवर लाल अक्षरांत चमकते, ते खोटे असेल तर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती फसवणूक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. केंद्राची पर्यटक हेल्पलाइनही आहे, १३६३, चोवीस तास, बारा भाषांत. हिंदी आहे, इंग्रजी आहे, कोरियन आहे, पोर्तुगीज आहे. मराठी नाही. आमच्या मुली हिंदी बोलतात, अडत काही नाही. पण रात्री अकराला रडू आवरत बोलताना माणूस आपल्या भाषेत बोलतो.

मागणे काय, ते आता लिहिते. हॉटेलाला तारे घेणे हे ऐच्छिक आहे. ज्या लॉजमध्ये आमच्या मुली उतरतात त्यांना तारे नाहीत आणि नकोही आहेत. त्यामुळे नवी वर्गवारी, नवी समिती, नवे बोधचिन्ह यांपैकी काही काढू नका. आपण एक करू शकता. खोली देण्याच्या ज्या अटी हॉटेल काउंटरवर सांगते, त्या सगळ्या बुकिंगच्या आधी, मराठीत, लेखी सांगणे बंधनकारक करा. ॲपवर, दारावर, फोनवर विचारले तर फोनवर. जी अट आधी लिहिलेली नाही ती काउंटरवर लावता येणार नाही. आणि जी लिहिताच येणार नाही, म्हणजे एकटी बाई नको, अमुक आडनाव नको, ती अर्थातच बाद होईल. कारण लिहिले की ते घटनेच्या विरुद्ध आहे हे कुणालाही वाचता येईल. लॉजवाल्यांना मी ओळखते. तोंडी नियम करायला त्यांना काही वाटत नाही, पाटी रंगवून लावायला वाटेल.

दुसरी गोष्ट याच्याच पोटातली. पैसे घेतलेले बुकिंग असताना रात्री खोली नाकारली, तर त्याच भागात त्याच रात्री दुसरी खोली मिळवून देण्याची जबाबदारी हॉटेलची आणि ॲपची. परतावा आठ दिवसांनी मिळाला तर त्याचा त्या रात्री उपयोग नसतो.

हे करायला आपल्या हातात काय आहे, असे अधिकारी विचारतील. २०२१ पासून या राज्याने हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला आहे. पात्र हॉटेलांना वीज, पाणी, मालमत्ता कर यांत औद्योगिक दर मिळतात. सवलत देणाऱ्याला अट घालता येते. बाकीच्या लॉजचे परवाने पोलीस आणि महापालिका यांच्याकडे असतात, म्हणून गृह आणि नगरविकास खात्यांशी आपल्याला एकदा बसावे लागेल. एकट्या प्रौढ बाईला खोली दिल्याबद्दल कुणाही मॅनेजरला चौकीत बसवले जाणार नाही, असे पोलीस ठाण्यांना लेखी गेले तर अर्धे काम होईल. माझ्या ओळखीचे मॅनेजर ते पत्र फ्रेम करून लावतील.

आणि ‘आई’ धोरणाचा एक उपयोग मला दिसतो, तो आपल्या अधिकाऱ्यांना सुचलेला दिसत नाही. मुलुंडला, ठाण्याला, कोथरूडला अशा कितीतरी बायका आहेत ज्यांची मुले परदेशी आहेत आणि घरात एक खोली रिकामी आहे. निवास व न्याहारीची योजना सरकारकडे आहेच. पण ती डोक्यात येते कोकणातल्या अंगणासकट. ती शहरात आणा. परीक्षा केंद्रांच्या आणि मोठ्या इस्पितळांच्या आसपासच्या बायकांना त्या पंधरा लाखांच्या कर्जातून एक स्वतंत्र न्हाणीघर बांधता येईल, दाराला चांगली कडी बसवता येईल. पहाटे पाचला आलेल्या मुलीला त्या खोलीही देतील आणि चहाही. २०२३ च्या तलाठी भरतीला दहा लाखांवर अर्ज आले होते आणि कित्येकांना केंद्र परजिल्ह्यात मिळाले होते, हे आठवले तर गिऱ्हाइकांची काळजी करायला नको.

एमटीडीसीनेही शहरात उतरावे. छत्रपती संभाजीनगरला स्टेशन रोडवर आपले निवास आहे, म्हणजे हे अशक्य नाही. पुण्यात आणि मुंबईत स्टेशनाजवळ चोवीस तासांच्या हिशेबाच्या, एकट्या माणसाच्या खोल्या काढल्यात तर पहिल्या दिवसापासून भरतील. मार्चच्या आठवड्याची सवलत मग बंद केलीत तरी आमच्याकडून तक्रार येणार नाही.

या पत्राला उत्तर आलेच तर ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असे कृपया नको. अटी आधी लेखी सांगण्याचे परिपत्रक काढणार की नाही, आणि काढणार असाल तर कोणत्या महिन्यात, एवढे कळवा. डिसेंबर-जानेवारीत परीक्षा आहेत, नोव्हेंबरपासून माझा फोन वाजायला लागतो.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका
परभणी